सरकारी अफूची वही

पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा आणि लालबाग-परळच्या चाळींतल्या एकखणी खोल्यांतून बाया कामाला निघायच्या. निघताना तान्ह्याला पाजायचं आणि त्याच्या तोंडात एक बारीकशी गोळी सारायची. तिला बाळागोळी म्हणत. तिच्यात अफू असे. मग मूल तासन् तास निपचित पडून राही. रडत नसे आणि दूधही मागत नसे. त्यामुळे शेजारची एखादी म्हातारी चार-पाच घरची पोरं एकटी सांभाळू शके.

१९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणांची पाहणी करायचं ठरवलं आणि डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांना त्या कामावर नेमलं. कारखान्यात काम करणाऱ्या बायांच्या मुलांपैकी शेकडा ९८ मुलांना अफू दिली जाते, असं त्यांनी लिहिलं. हा आकडा पुढे देशोदेशीच्या पुस्तकांत आणि भाषणांत फिरला. शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांच्या घरी जाऊन कोणी गोळ्या मोजल्या असतील, असं मानणं अवघड आहे. पण चाळीत राहिलेल्या कुणालाही त्या आकड्याचा धक्का बसला नसता. धक्का बसला तो अहवाल वाचणाऱ्यांना. आणि त्यांतल्या फार थोड्यांनी पुढचा प्रश्न विचारला: ही अफू येते कुठून?

ती सरकारमान्य दुकानातून येत होती. तिथे ना चिठ्ठी लागे ना डॉक्टर.

मुंबईचं आणि अफूचं नातं बाळागोळीपेक्षा बरंच जुनं आणि बरंच श्रीमंत आहे. बंगाल-बिहारकडची अफू ही कंपनी सरकारची मक्तेदारी होती. माळव्यातली अफू मात्र शिंदे-होळकरांच्या आणि आसपासच्या संस्थानांच्या मुलखात पिकायची. तिच्यावर इंग्रजांचा थेट ताबा नव्हता. ती उंटांवर, बैलांवर लादली जाई, राजस्थान-सिंधच्या वाटेने कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला पोचे आणि मग चीनच्या जहाजांत चढे. अडवून अडत नाही म्हटल्यावर कंपनीने १८३१ च्या सुमाराला वेगळा विचार केला. माल मुंबईवरून न्या, पेटीमागे पासाची फी भरा आणि खुशाल चीनला पाठवा. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांकडे गेला, कराचीची वाट बंद झाली आणि फी चढत गेली. १८६० च्या दशकात ती पेटीमागे सहाशे-सातशे रुपयांवर पोचली होती. या व्यापारात सर जमशेटजी जीजीभाई होते, त्यांचे गोव्याकडचे भागीदार रॉजर द फारिया होते, गुजराती आणि मारवाडी पेढ्या होत्या. १८४५ मध्ये जे. जे. हॉस्पिटल उभं राहिलं, त्यामागे जमशेटजींचं दान होतं, आणि जमशेटजींच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा, म्हणजे कापसाबरोबर अफूचाही, मोठा वाटा होता. इतिहासकार अमर फारुकी यांनी मुंबईवरच्या आपल्या पुस्तकाचं नावच ‘ओपियम सिटी’ ठेवलं आहे.

तेव्हाच्या सरकारी वहीत अफूला जागा होती ती जमेच्या बाजूला. अफू खाणारा माणूस त्या वहीत नव्हता. १८७८ च्या अफू कायद्याने पिकवणं, बाळगणं, विकणं या सगळ्याला परवाना लावला. किरकोळ विक्रीचे मक्ते निघत. गिऱ्हाइकाला एका वेळी ठरावीक तोळे मिळत. बस्स.

इंग्लंडमध्ये मात्र अफूविरोधी मंडळींनी पार्लमेंटमध्ये गोंधळ उडवून दिला. त्याला उत्तर म्हणून १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही अफू आयोग नेमला गेला. त्याच वर्षी विल्यम केन यांनी कॉमन्समध्ये विचारलेल्या प्रश्नावरून गांजा-भांग-चरसासाठी मॅकवर्थ यंग यांचा दुसरा आयोग बसला. हे दोन आयोग शेजारी-शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. अफू आयोगाला एक प्रश्न सरळ पैशाचा होता: अफूचं उत्पन्न बुडालं तर तूट भरून काढणारे कर लोक सोसतील का? साक्षीदारांनी अर्थातच नाही म्हटलं. हिंदुस्थानातले लोक अफू बेताने घेतात, बंदीची गरज नाही, असा निष्कर्ष १८९५ मध्ये निघाला. हेन्री विल्सन या एका सदस्याने आपलं वेगळं मत नोंदवलं. उत्तर आधी ठरलं होतं आणि चौकशी नंतर झाली, हा आरोप तेव्हापासून या अहवालाला चिकटला आहे आणि तो खोडणं सोपं नाही.

गांजाचा आयोग जास्त प्रामाणिक निघाला. त्याने अकराशेंवर साक्षीदार तपासले. मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे गांजाची लागवड होती, तिचीही माहिती घेतली. त्याची सगळ्यांत मोलाची कामगिरी वेड्यांच्या इस्पितळांत झाली. गांजाने वेड लागतं, हे तेव्हा आकडेवारीने सिद्ध झालेलं मानलं जाई. आयोगाने ती आकडेवारी कुठून येते याचा माग काढला. वेड्याला इस्पितळात पोचवणारा पोलीस फॉर्म भरताना ‘कारण’ या रकान्यात काहीतरी लिहायचं म्हणून ‘गांजा’ लिहून मोकळा होई. डॉक्टर तेच पुढे उतरवून घेत. वर्षाअखेरीस त्याचा तक्ता छापला जाई. आयोगाने १८९२ सालच्या अशा नोंदी एकेक करून तपासल्या आणि त्यांतल्या बऱ्याच टिकल्या नाहीत. शेवटी आयोगाने सुचवलं: बंदी नको, कर लावा, परवाने कमी करा, जास्तीचा वापर आवरा. सव्वाशे वर्षांपूर्वीचा हा अहवाल आजही अभ्यासक उघडतात तो मुख्यत्वे त्या रकान्याच्या गोष्टीसाठी.

चीनला जाणारी अफू १९०७ च्या करारानंतर घटत गेली आणि १९१३ मध्ये थांबली. त्याच १९०७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अर्थसंकल्पावर बोलताना या उत्पन्नाची आपल्याला शरम वाटते असं सांगितलं होतं. शरम चीनपुरती होती, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण देशातल्या दुकानांकडे लक्ष वळायला आणखी वीसेक वर्षं गेली. जिनिव्हात राष्ट्रसंघाने हिशेब मांडला की औषधापुरती अफू म्हटली तर दर दहा हजार माणसांमागे वर्षाला सहा शेर पुष्कळ झाली. १९२० च्या दशकात मुंबईत हा आकडा ४३ शेर होता, सोलापुरात ३५. कलकत्त्याचा १४४ होता, तेव्हा मुंबईकरांना स्वतःला सभ्य समजायला वाव होता. मुंबई आणि सोलापूर दोन्ही गिरणगावं, हा योगायोग नव्हे. अंगमेहनतीने दुखणारी पाठ, रात्रपाळी, खोकला आणि घरातलं तान्हं मूल, या सगळ्यांवर एकाच दुकानात इलाज मिळत होता.

मुलांचं काय झालं? १९२१ च्या पालिकेच्या आकड्यांनुसार एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत जन्मलेल्या हजार मुलांमागे ८२८ मुलं वर्षाच्या आत दगावत होती. चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत हा आकडा १३३ होता. पहिला आकडा थोडा फुगलेला आहे. बाया बाळंतपणाला कोकणात, देशावर माहेरी जात, तिथला जन्म मुंबईच्या दप्तरात लागत नसे आणि मूल इथे परत येऊन मेलं की मृत्यू मात्र इथे लागे. ही वजावट करूनही जे उरतं ते भयंकर आहे. अफूने किती मेली आणि उपासाने, घाणीने, हगवणीने किती, हे वेगळं काढणं शक्यच नव्हतं. अफूने निजलेलं मूल दूध मागत नाही आणि न मागणाऱ्याला मिळत नाही. मरणाच्या दाखल्यावर मग अशक्तपणा लिहिला जातो.

आता गंमत अशी की बाळागोळीवरचा सगळ्यांत परिणामकारक उपाय अबकारी खात्याने केला नाही. तो कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी केला आणि करताना अफूचं नावही फारसं घेतलं नाही. ना. म. जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते पडलं. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात असावले यांनी तसंच विधेयक मांडलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि तिच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकाने त्याचा भार उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये कायदा झाला. सुट्टीच्या काळात रोज आठ आणे मिळू लागले. त्यानंतर १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासहून जास्त बाया असतील तिथे मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना दिला आणि १९४८ च्या कायद्याने पाळणाघर सक्तीचंच केलं. मूल गिरणीच्या आवारात, दोन पावलांवर असलं आणि आईला मधूनच जाऊन पाजता आलं, तर त्याला निजवून ठेवायची गरज उरत नाही. अफूची एकही गोळी जप्त न करता तिचं काम काढून घेण्याचा हा मार्ग होता.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती गोड नाही. भत्ता द्यायचा, पाळणाघर काढायचं, रात्रपाळीला लावता येत नाही, मग बाया ठेवायच्याच कशाला, असा हिशेब मालकांनी केला. वाइंडिंग-रीलिंगच्या खात्यांत नवी यंत्रं आली आणि पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून बायांची संख्या ओसरत गेली. बाळागोळी मागे पडली त्याचं श्रेय पाळणाघरांना किती आणि बायांच्या गेलेल्या नोकऱ्यांना किती, हे ठरवताना हात आखडता घ्यावा.

स्वातंत्र्यानंतर सरकारी वहीत पहिल्यांदाच अफू खाणाऱ्याचं नाव आलं. त्याची तालीम आसामात आधीच झाली होती. तिथे खाणाऱ्यांची नोंद करून त्यांना पास दिले जात आणि वाटा कमी करत नेला जाई. १९४९ मध्ये सगळ्या प्रांतांनी मिळून ठरवलं की दुकानांतली अफू दर वर्षी दहा टक्क्यांनी घटवायची आणि दहा वर्षांत शून्यावर आणायची. १ एप्रिल १९५९ पासून उघडी विक्री बंद झाली. ज्यांना अफूशिवाय चालणारच नाही, अशांसाठी डॉक्टरच्या दाखल्यावर परवाना ठेवला. म्हातारे अफूबाज महिन्याच्या महिन्याला आपला ठरलेला वाटा उचलत. त्यांना चोरी करावी लागत नव्हती, भेसळीचं भय नव्हतं, पोलीस मागे नव्हता. ‘नुकसान कमी करणं’ असं कोणी त्याला म्हटलं नाही. ती निव्वळ व्यवहारी सोय होती. माणसं मरतील तशी नावं कमी होतील आणि एक दिवस वही आपोआप मिटेल, असा हिशेब होता.

मुंबई राज्यात तेव्हा मोरारजी देसाईंच्या दारूबंदीचा काळ होता. १९४९ च्या त्या कायद्याची एक शेपटी अजून शिल्लक आहे: महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी आजही कागदोपत्री परवाना लागतो आणि तो ‘आरोग्य राखण्यासाठी’ दिलेला असतो. परवान्याच्या कल्पनेशी महाराष्ट्राचं नातं असं विनोदी आहे. पण अफूच्या परवान्यात विनोद नव्हता. त्याने बऱ्याच म्हाताऱ्यांचं आयुष्य सुसह्य केलं.

मग गर्द आली. १९८० च्या आसपास इराणमधली क्रांती, अफगाणिस्तानातलं युद्ध आणि पाकिस्तानच्या सरहद्दीवर उभ्या राहिलेल्या हेरॉइनच्या भट्ट्या यांनी सगळे मार्ग बदलले. मुंबई ही युरोपला जाणाऱ्या मालाची वाट झाली आणि वाटेवर सांडतं तेही बरंच असतं. गर्द किंवा ब्राऊन शुगर, म्हणजे अर्धवट शुद्ध केलेलं हेरॉइन, स्टेशनांबाहेर, झोपडपट्ट्यांत, कॉलेजांच्या आसपास पुड्यांत मिळू लागलं. सिगारेटच्या पन्नीवर पूड ठेवायची, खालून काडी धरायची आणि धूर नळीने ओढायचा. याला फारशी साधनं लागत नाहीत. अफूबाज वीस वर्षं अफू खाऊन नोकरी करू शके. गर्द ओढणारा काही महिन्यांत घरातली भांडी विकत असे.

या साथीला सरकारने दिलेलं उत्तर म्हणजे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. २३ ऑगस्टला लोकसभेत मांडला, १६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली, १४ नोव्हेंबरपासून अंमल सुरू. इतक्या घाईत इतका कडक कायदा क्वचितच झाला असेल. किमान दहा वर्षं कैद आणि किमान एक लाख दंड. स्वतःपुरता माल बाळगणाऱ्याला सवलत होती, पण स्वतःपुरता म्हणजे किती? ब्राऊन शुगरसाठी २५० मिलिग्रॅम. शिवाय माल विकायला नव्हता हे आरोपीनेच सिद्ध करायचं. दिवसाला दोन-चार पुड्या ओढणारा गर्दुल्ला आणि पोत्याने माल आणणारा दलाल एकाच कलमात सापडू लागले. दलाल वकील करू शके. गर्दुल्ला आत जाई. २००१ मध्ये दुरुस्ती होऊन हेरॉइनची ही मर्यादा पाच ग्रॅम झाली आणि शिक्षा मालाच्या वजनाशी जोडली गेली. सोळा वर्षं गेली होती.

कायद्यानेच गर्द आणली, असं हल्ली कधी कधी म्हटलं जातं. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. गर्द आधी आली, कायदा नंतर. पण एवढं म्हणता येतं की ज्या वेळी हा जबर पदार्थ बाजारात उतरला, त्या वेळी त्याहून सौम्य अफूची उघडी विक्री बंद होऊन वीस वर्षं झाली होती आणि डॉक्टरांकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

महाराष्ट्रात लोकांनी स्वतः काही उभं केलं ते या पोकळीत. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याच्या चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशनचं काम सुरू केलं होतं. पुण्यात अनिल अवचटांनी गर्दवर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानने मदत देऊ केली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी त्याच आवारात १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुक्तांगण सुरू केलं. कुलपं, मारहाण, साखळ्या यांऐवजी गप्पा, गाणी, कामाची पाळी, बायकांसाठी ‘सहचरी’च्या बैठका असं तिथलं वळण होतं. व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे, ही गोष्ट मराठी मध्यमवर्गाच्या गळी कोणी उतरवली असेल तर ती मुक्तांगणने. तरी मुक्तांगणचं ध्येय पूर्ण सोडणं हेच होतं. ज्याला सोडता येत नाही, किंवा सोडून चौथ्यांदा धरली आहे, त्याचं काय, हा प्रश्न रस्त्यावर राहिला.

त्याला निकड आणली एचआयव्हीने. मणिपुरात १९८९-९० मध्ये सुया वाटून घेणाऱ्यांत हा विषाणू काही महिन्यांत निम्म्यांपर्यंत पोचला. मुंबईतही गर्द महाग झाली की काही जण वेदनाशामकांच्या इंजेक्शनांकडे वळत आणि एकच सुई चार जणांत फिरे. दिल्लीत शरण या संस्थेने १९९३ मध्ये हेरॉइनऐवजी घ्यायच्या ब्युप्रेनॉर्फिन या औषधाच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. मुंबईत एल्ड्रेड टेलिस यांच्या संकल्प संस्थेने १९९५ पासून वापरलेल्या सुया घेऊन नव्या द्यायला सुरुवात केली. सुई वाटणं म्हणजे व्यसनाला उत्तेजन, हा आक्षेप पोलिसांनी घेतला, शेजाऱ्यांनी घेतला, व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातल्या लोकांनीही घेतला. त्यावर कार्यकर्त्यांचं म्हणणं साधं होतं: हा उद्या जिवंत राहिला तर परवा सोडायचा विचार करील.

ब्युप्रेनॉर्फिनची गोष्ट मजेची आहे. हेच औषध इंजेक्शनच्या रूपात रस्त्यावर नशेसाठी टोचलं जात होतं आणि तेच गोळीच्या रूपात, जिभेखाली विरघळवून, परिचारिकेच्या देखत घेतलं की इलाज ठरत होतं. २००७ नंतर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने हा उपचार आपलासा केला आणि सरकारी इस्पितळांत केंद्रं निघू लागली. रोज यायचं, नाव सांगायचं, गोळी तोंडात, वहीत सही. १९५९ नंतरच्या परवान्यात अफूचा वाटा होता, इथे डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा आहे; माणसाला त्याच्या गरजेपुरतं, ओळख पटवून, सरकारने द्यायचं, ही कल्पना मात्र तीच.

न्यायालयातला एक टप्पा मुंबईचाच आहे. दुसऱ्यांदा मोठ्या मालासह सापडला तर फाशीच द्यायची, अशी तरतूद १९८९ मध्ये कायद्यात घातली गेली होती. इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्कने तिला आव्हान दिलं आणि जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की फाशी सक्तीची असू शकत नाही. २०१४ च्या दुरुस्तीत संसदेने ते मान्य केलं. राजस्थानात मात्र उलटी पावलं पडली. तिथे परवान्यावर मिळणारा डोडा, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, २०१६ पासून बंद झाला आणि परवानाधारकांना व्यसन सोडवण्याच्या शिबिरांत पाठवलं गेलं.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूजन्य पदार्थ वापरतात आणि साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात. त्यांतही हेरॉइन आता अफूच्या पुढे गेलं आहे. गोळी देणारी केंद्रं या संख्येच्या मानाने अगदी थोडी आहेत आणि रोज हजर राहण्याच्या अटीमुळे नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवणारा माणूस टिकणं कठीण जायचं. सकाळी केंद्राच्या रांगेत थांबला तर त्या दिवसाचं काम जायचं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि लोकल बंद झाल्या, तेव्हा रोज येणं शक्यच नव्हतं. मग अनेक दिवसांच्या गोळ्या एकदम घरी न्यायची परवानगी द्यावी लागली.